डागाचं तळं

त्या राज्यात आता पायांना विचारून कुणी वाट धरत नसे. सगळा भरवसा छापील नकाशावर होता.

पूर्वी तसं नव्हतं. एका कासविणीने अख्खं शहर पायी फिरून कापडावर त्याचा नकाशा काढला होता. बिचारीचा त्यात जन्म गेला. पण कापड एकच आणि बघणारे सतराशे साठ. उघडून-मिटून घडीच्या जागी ते विरलं आणि नेमकी तिथे काढलेली बेडकांची विहीर पुसली गेली. कडेला कधीतरी शाईचा थेंब सांडला होता, तो मात्र राहिला. चालायचंच.

पुढे छापण्यासाठी लाकडी ठसा कोरायचं काम सुतार पक्ष्याला मिळालं. त्याने दिसलं ते कोरलं. विहीर दिसली नाही. डाग दिसला, तोही चांगला गोल. ठसा झिजल्यावर त्याने छापील प्रतीवरूनच दुसरा कोरला आणि डागात चार लाटा घातल्या. तिसऱ्यात कमळं आली. नकाशाला शोभा आली म्हणून सगळे खूश. मूळ कापड कुठे गेलं, कुणी विचारलंही नाही.

एके सकाळी अंमलदार बगळा विहिरीवर आला. "नकाशात इथे मैदान आहे," तो कंटाळून म्हणाला, आणि विहिरीत माती पडू लागली. तिथल्या एका बेडकीची पिल्लं अजून शेपटीवालीच होती. पाण्याबाहेर ती जगली नसती. तिने बगळ्याचे पाय धरले.

"अगं बाई, रडतेस कशाला? पलीकडे एवढं मोठं तळं आहे की. कमळांचं!"

"साहेब, तिथे नुसता खडक आहे हो. कासविणीला विचारा."

म्हाताऱ्या कासविणीला बोलावलं. तिने छापील नकाशा डोळ्यांजवळ धरला. "अरे देवा! हा तर माझ्या हातून पडलेला डाग आहे रे."

"आजी, हाताने काढलेल्यात चुका असायच्याच," बगळा म्हणाला. "छापलेलं कसं खोटं असेल?"

कासविणीने मान आत घेतली. बेडकीने मातीतून वाचलेलं पाणी द्रोणात भरलं, त्यात पिल्लं घेतली आणि ती बगळ्यामागून उन्हात चालू लागली. दोघंही पार थकून गेली होती.

खडक आला. बगळ्याने नकाशा उघडून पाहिला. भिजू नयेत म्हणून पंख वर आवरून घेतले, जपून दोन पावलं पुढे टाकली आणि बेडकीच्या हातातला द्रोण काढून घेतला.

"फार खोलात जाऊ नका रे पोरांनो," तो मायेने म्हणाला, आणि त्याने द्रोण उपडा केला.