कातळाखालचा गेरू

डोंगर आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. सह्याद्रीच्या एका शिखरावर काळा कातळ बसला होता. त्याच्या खाली गेरूचा मऊ, तांबडा थर होता. पावसाळ्यात समुद्राकडून ढग येत. कातळ माथ्यावरचं सारं पाणी पश्चिमेच्या कड्यावरून सोडी आणि गेरू झिजत जाई.

"दादा, यंदा पाणी पूर्वेच्या घळीत वळव," गेरू काकुळतीनं म्हणाला. "मी आतून पोखरलोय. मी गेलो तर तूही कोसळशील."

"आणि माझा धबधबा?" कातळ हसला. "तो बघायला अख्खं गाव माना वर करतं. तुझ्याकडे कुणी बघतं का रे, मातकट्या?"

त्या आषाढात गेरू निम्मा वाहून गेला आणि कातळ गडगडत गावाच्या वेशीवर येऊन पडला.

"देवच खाली आला रे!" म्हातारा गुरव हात जोडून म्हणाला. "त्या कुजक्या मातीनं दगा दिला."

लोकांनी कातळाला शेंदूर फासला. कड्यावरचा उरलेला गेरू खरवडून आणला आणि त्यानं देवाचा चौथरा रंगवला.

"काय रे," कातळ वरून म्हणाला, "शेवटी माझ्याच पायाशी आलास ना?"

आपण कोसळून इथं आलोय, हे कातळाच्या गावीही नव्हतं.