दुसऱ्या टाकीचं पाणी

“पण चाचा, उतरता पाइप सव्वा इंची ठेवू की दीड?”

 दाऊदचाचा टाकीतल्या माशाकडे बघत होते.

हेरंबनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. या खेपेला आवाज त्याचा त्यालाच परका वाटला, दिवसभर रांगेत उभ्या राहिलेल्या माणसासारखा…

हेरंब खानविलकर नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनीअर. गावाच्या चढउतारावर पाणी खेळवणारा माणूस. माशांचा नाद त्याला लावला दाऊदचाचा मजगावकरांनी. चाचांनी बंदरावरच्या मत्स्यालयात छत्तीस वर्षं मासे सांभाळले होते, आणि त्यांतली शेवटची आठ वर्षं हेरंब दर रविवारी त्यांच्या मागे मागे फिरत असे.

त्याच्या बैठकीच्या खोलीत चार फुटी टाकी होती. टाकीतलं पाणी काठाजवळच्या भोकातून आपसूक खालच्या कपाटात उतरायचं. तिथं काचेची दुसरी टाकी. तिला तो संप म्हणायचा. संपात पाणी गाळलं जायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

तीन महिन्यांपूर्वी थोरला भाऊ गेला. मुकुंद.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी मुकुंदची टाकी पाठवून दिली. “माझ्याच्यानं नाही बघवत, भावजी,” एवढंच म्हणाल्या. आत एकच मासा होता, ऑस्कर जातीचा, वीतभर लांबीचा, म्हातारा. मुकुंदच्या बोटांतून दाणे खायचा. हेरंबच्या हाताकडे ढुंकूनही बघेना.

त्या टाकीची गाळणी तोकडी होती. चार दिवसांत पाणी गढुळलं. मग हेरंबनं ती टाकीही आपल्याच संपाला जोडायचं ठरवलं. नवं भोक, नवा पाइप. टाक्या दोन, संप एक, पंप एक. रविवारच्या एका दुपारीत काम उरकलं.

“चाचांना विचारून घ्या ना एकदा,” ज्योत्स्ना, त्याची बायको, म्हणाली होती.

“गावाला पाणी पाजतो मी,” हेरंब म्हणाला. “ह्यात काय विचारायचं?”

मंगळवारी वीज गेली. इन्व्हर्टरनं मान टाकली. कचेरीत ज्योत्स्नाचा फोन आला तेव्हा संप उतू जाऊन पाणी आतल्या खोलीत शिरलं होतं, अंथरुणाला खिळलेल्या आईच्या कॉटखाली.

त्यानं मोठा इन्व्हर्टर आणला. वर चढणाऱ्या पाइपात पाणी उलट येऊ नये म्हणून झडप बसवली. तरी कचेरीतून दिवसाकाठी पाचपाच फोन… “पंप चालू आहे ना?” मुकुंदच्या विम्याचे कागद, वहिनींच्या पेन्शनचे हेलपाटे, पुतणीचं कॉलेज, आईची औषधं, आणि या सगळ्याच्या तळाशी त्या पंपाची घरघर. ती कानातून जाईचना.

शेवटी ज्योत्स्नानंच चाचांना निरोप धाडला.

“चाचा…” हेरंब तिसऱ्यांदा म्हणाला. “पाइप…”

“पंप शेवटचा बंद कधी केलास?”

“बंद?” हेरंबला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. “बंद पडू नये म्हणून तर एवढा आटापिटा केलाय.”

“मग ही टाकी नीट जोडली गेली, हे पंप बंद करून बघितल्याशिवाय तुला कसं कळलं?”



चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. भिंतीपाशी गेले. आणि त्यांनी पंपाची पिन उपसली.

घरघर थांबली.

हेरंब पिनेकडे झेपावला. चाचांनी त्याचं मनगट धरलं. सत्तरी ओलांडलेला हात, पण पकड कोळ्याच्या गाठीसारखी.

“बघ.”

“चाचा, झडप आहे, पण तिचा भरवसा…”

“बघ म्हणतो ना.”

दोन्ही टाक्यांचं पाणी खाली येऊ लागलं. आधी उतरत्या पाइपांतून. मग, ज्या पाइपानं पंप पाणी वर नेत होता त्याच पाइपानं, उलटं. झडपेत वाळूचा कण अडकला असावा. ती मिटलीच नव्हती.

संप चढत गेला. काठाशी आला. काठावर क्षणभर फुगून थांबला… आणि सांडला.

पाणी फरशीवर पसरलं. चाचांच्या पावलांपर्यंत आलं. त्यांनी पायजमा वर घेतला नाही.

पाच मिनिटांनी सगळं आपोआप थांबलं.

“किती सांडलं?” चाचांनी विचारलं.

“दोनेक बादल्या.”

“नव्या जोडलेल्या टाकीत पंपाच्या पाइपाचं तोंड कुठं ठेवलंयस?”

हेरंबनं वाकून पाहिलं. तोंड काठापासून चांगलं वीतभर खाली होतं. ते उघडं पडेपर्यंत पाणी उलटं ओढलं जाणारच. हे तो हाताखालच्या नवख्यांना दरवर्षी फळ्यावर काढून शिकवत असे.



“सुचलं नाही, चाचा.” तो म्हणाला, “हल्ली काहीच सुचत नाही.”

चाचांनी बाह्या वर सारल्या. पाइपाचं तोंड पाण्याच्या नेहमीच्या पातळीजवळ आणून बांधलं. हेरंबनं फरशी पुसली. मग चाचांनी संपातून मगानं पाणी उपसायला सुरुवात केली. एक बादली. दुसरी. काचेवर चार बोटं रिकामी दिसू लागली तेव्हा त्यांनी तिथं चिकटपट्टी लावली.

“पंप बंद असताना पाणी इथवर. याच्या वर नाही.”

हेरंबनं मनाशी हिशेब केला. “म्हणजे पंप चालू झाला की संप अर्धा रिकामाच राहणार. सहा वर्षं मी तो जवळजवळ भरूनच ठेवत आलोय!”

“तेव्हा वर एकच टाकी होती.”

हेरंबनं चिकटपट्टीवरून एकदा बोट फिरवलं.

“चालू करू आता?” त्यानं विचारलं.

“घाई काय आहे?”

“मासे…”

“तासभरानं काही बिघडत नाही त्यांचं. बैस.”

हेरंब ओल्या फरशीवरच भिंतीला टेकून बसला. चाचाही शेजारी बसले. किती दिवसांनी घर गप्प होतं! पंखा ऐकू येत होता. आतल्या खोलीतून आईचा संथ श्वास ऐकू येत होता. मुकुंदचा मासा तळाशी कल्ले हलवत उभा होता.

“चाचा, मत्स्यालयात पंप बंद पडायचे तेव्हा तुम्ही काय करायचात?”

“हातानं पाणी ढवळायचो.”

“आणि हात भरून आले की?”

“बसायचो.”

हेरंबनं मान हलवली. मग तो म्हणाला, “मुकुंददादा गेल्यापासून…”

वाक्य तिथंच राहिलं. चाचांनी पुढचं विचारलं नाही. हेरंबच्या खांद्यातला ताठा कुठंतरी सुटला, मान कलंडली, डोळे मिटत गेले. गालावरून काही ओघळलं ते त्यानं पुसलं नाही.

अर्धवट झोपेत त्याला कपबशांचा आवाज आला. मग ज्योत्स्नाचा, दबका, घाबरलेला.

“चाचा, पंप बंद? आणि हे असे ओल्यात…? पाणी तर केव्हाचं थांबलंय. उठवू का ह्यांना?”

चाचांनी हेरंबच्या ओल्या गालाकडे बघत तिच्या हातातला चहा घेतला.

“राहू दे, बेटी. वरचं पाणी उतरतंय अजून.”