देवीचं विरजण

फार पूर्वी, दही विकत मिळत नसे आणि विरजण घरोघर फिरत असे, त्या काळची ही गोष्ट.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात देवीचं देऊळ होतं आणि देवळासमोर वेणूकाकीचं घर. देवीला रोज सकाळी दह्याने स्नान घालत आणि ते दही वीस वर्षं काकीकडून जात होतं. काकी एकटीच राहायची. एक गाय, सारवलेली ओसरी आणि देवीचं दही, एवढाच तिचा संसार. संध्याकाळी ती दूध तापवी, भांड्याला हाताची पाठ लावून ते कोमट झालं का पाही आणि सकाळच्या दह्यातलं राखून ठेवलेलं चमचाभर त्यात घाली. दही असं घट्ट लागे की गाडगं तिरकं केलं तरी हलत नसे.

त्या गावात विरजण मागायला आलेल्याला कुणी नाही म्हणत नसे. काकी मात्र कुणालाच देत नसे.

एका उन्हाळ्यात चारा संपला, गावातली गुरं आटली आणि घरोघरचं विरजण मोडलं. दूध देत होती ती फक्त काकीची गाय. त्याच सुमारास नदीपलीकडे टोपल्या विणणाऱ्यांचं एक घर नव्याने येऊन राहिलं. त्यांची गाय व्याली, तशी त्या घरची सून चिमणा वाटी घेऊन काकीच्या दारात आली.

“काकी, चमचाभर विरजण द्याल का? मामंजींना ताकाशिवाय भाकरी जात नाही.”

“हे देवीचं विरजण आहे गं,” काकी उंबऱ्याच्या आतूनच म्हणाली. “माणसांच्या चुलीपाशी गेलं की त्यातली देवी निघून जायची.”

चिमणाने काकीकडे पाहिलं, रिकाम्या वाटीकडे पाहिलं, “बरं” म्हणाली आणि गेली.

देवळातल्या गुरवाच्या कानावर हे आलं. तो हसत म्हणाला, “काकी, देवी एवढी रुसकी आहे हे मला इतकी वर्षं पूजा करून कळलं नाही!”

“तुम्ही आपली घंटा वाजवा, भाऊ,” काकी म्हणाली. तिच्या मनात कपट नव्हतं. देवी आपल्या गाडग्यात राहते असं तिला खरंच वाटे आणि घरातलं मूल जपावं तशी ती ते गाडगं जपत असे.

पुढे पाऊस झाला, चारा आला, गाई-म्हशी व्याल्या. घरोघर पुन्हा रव्या घुमू लागल्या. त्यांचं विरजण कुठून आलं, हे काकीने कधी विचारलं नाही.

एक वर्ष गेलं. उत्सवाच्या आदल्या सकाळी नेहमीचं दही देवळात पोचवून काकी घरी आली, तर शिंक्याची दोरी तुटलेली. राखून ठेवलेलं विरजण जमिनीवर सांडलं होतं आणि मांजर ते चाटून मिशा पुसत बसलं होतं.

काकी धावतच देवळात गेली. पण स्नान होऊन गेलं होतं, तिथेही थेंब उरला नव्हता.

“असू दे,” गुरव म्हणाला. “सुतारीणबाईंकडे ताजं दही आहे. उद्या त्यांचं घालू. तुम्हीही जरा विसावा घ्या की.”

विसावा हा शब्द काकीला लागला. वीस वर्षांची सेवा, तीही उत्सवाच्या दिवशी, अशी हातातून जाणार? “संध्याकाळपर्यंत थांबा,” ती म्हणाली. “दही माझ्याच घरून येईल.”

तिने थोड्या दुधात लिंबू पिळलं. दूध फाटलं. थोड्या दुधात मिरच्यांची देठं टाकली. उन्हं कलेपर्यंत वाट पाहिली, तरी दूध ते दूधच राहिलं. मग तिने वाटी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा विरजण मागायला निघाली. निघाली खरी, पण मनात ठरवून, की घ्यायचं ते अगदी निर्मळ घरचंच.

“तुमचं विरजण मूळचं कुठलं हो?” तिने सुताराच्या दारात विचारलं.

“अगंबाई, विरजणालाही आता कूळ सांगायचं का?” सुतारीण हसली. “तेलीणबाईंनी दिलं होतं.”

तेलीण म्हणाली, “मला शिंपीणबाईंनी दिलं.”

शिंपीण म्हणाली, “मला नदीपलीकडच्या चिमणानं दिलं. गावात सगळ्यांना तिनंच तर वाटलं. टोपल्या विकायला यायची तेव्हा सोबत गाडगं घेऊन यायची बिचारी.”

चिमणाने ते कुठून आणलं हे कळल्याशिवाय काकीला कुणाचंच घेववेना. ती नदीकाठी येऊन थांबली. परत फिरावं, तर उद्या देवीपुढे मोकळ्या हाताने उभं राहायचं. पुढे जावं, तर जिला नाही म्हटलं तिच्याच दारात उभं राहायचं. सूर्य डोंगराला टेकायला आला होता. काकीने लुगडं खोचलं आणि नदी ओलांडली.

चिमणा अंगणात टोपली विणत होती. शेजारी तिचा म्हातारा सासरा बांबूच्या कामट्या सोलत होता. काकीच्या हातातली वाटी पाहून चिमणा तशीच उठून आत गेली आणि दह्याचं गाडगं घेऊन आली.

“थांब,” काकी म्हणाली. “हे तुला कुणी दिलं?”

चिमणा जरा लाजली. “देवीनं. तुम्ही नाही म्हणालात ना, तेव्हा मी देवळामागं गेले. देवीच्या अंगावरून दही वाहून दगडी पन्हळीतून बाहेर पडतं, तिथं बाया तीर्थ घेतात. तेच वाटीत धरून आणलं नि दुधात घातलं. पहिल्या दोन खेपा पातळच लागलं. तिसऱ्यांदा जमलं.”

काकीचा चेहरा उजळला. “म्हणजे हे माझंच आहे! माझ्याच गाडग्यातलं!”

म्हाताऱ्याने कामटी खाली ठेवली. “तुमचंच आहे, बाई. तुमचं तेवढं वेगळं काढून न्या.”

काकीने गाडग्यात पाहिलं. दही पांढरंशुभ्र, काठापासून काठापर्यंत एकसारखं. चमचा घेतला, तसाच हातात राहिला. तिची गाय कुठे संपली आणि चिमणाची कुठे सुरू झाली?

“बाबा, काढता येत नाही,” ती हळूच म्हणाली.

“नाहीच येणार. दूध वेगवेगळ्या गाईंचं. त्याला लावणारं काहीतरी एकच आहे आणि तेही दुधापासून निराळं कुठे दिसत नाही. माणसाचंही तसंच असावं, असं मला आपलं वाटतं. अंग मातीचं, ज्याचं त्याचं. त्यात जे लागलंय ते एकच. ते नसतं, तर आपण दोन दिवसांत नासलो असतो.”

“तुम्ही कुठे शिकलात हो हे?”

“कुठे शिकणार? रोज ताक पितो.”

चिमणा फिस्सकन हसली. काकीलाही हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. “चिमणा,” ती म्हणाली, “त्या दिवशी मी तुला रिकामी पाठवलं. देवी निघून जाईल म्हणून भ्यायले होते.”

“आणि ती निघालीच की, काकी,” चिमणा म्हणाली. “पन्हळीतून निघाली आणि गावभर गेली. द्या ती वाटी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दही छान लागलं. उत्सवाच्या रिवाजाप्रमाणे गुरवाने मोठ्याने विचारलं, “आज देवीचं दही कुणाच्या घरचं?”

काकी गाभाऱ्याच्या दारात उभी होती. वीस वर्षं ती या प्रश्नाला आपलं नाव सांगत आली होती. आज म्हणाली, “भाऊ, एका घरचं नाव घेतलं तर बाकीच्या गाई-म्हशी रागावतील. घाला तुम्ही.”

बाया खळखळून हसल्या. देवीला स्नान घातलं गेलं. काकी आपली नेहमीची जागा सोडून पायऱ्या उतरली, देवळाला वळसा घालून मागे गेली आणि पन्हळीपाशी तीर्थासाठी थांबलेल्या बायकांच्या ओळीत चिमणाच्या मागे उभी राहिली. इतक्या वर्षांत ती इथे कधी आलीच नव्हती. तिची पाळी आली तेव्हा तिने ओंजळ पुढे केली. वरून गार, पांढरी धार आली, तळहातावर थांबली आणि बोटांच्या फटींतून मागच्या बाईने खाली धरलेल्या ओंजळीत पडली.

तात्पर्य इतकंच: देह अनेक असले तरी त्यांत भरून राहिलेलं चैतन्य एकच आहे, ते राखून ठेवता येत नाही आणि वाटल्याने कमीही होत नाही.