आगरबावच्या घंटेचा दोर

दोराला हात लावू नका, मंडळी. ओढलात की घंटा वाजेल, आणि अवेळी घंटा वाजली की अख्खा गाव हातातलं काम टाकून खाडीकडे धावत सुटेल. मग तुम्हाला चहा पाजायलासुद्धा कोणी उरणार नाही.

वसईच्या अंगाला इतकी देवळं आहेत. आमची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणायची. सगळीकडे घंटेचा दोर बुरुजाच्या आत असतो आणि दाराला कुलूप असतं. आगरबावला मात्र तो असा भिंतीबाहेर, खाडीच्या बाजूला लोंबतो. पोरासोरांचा हात पोचेल इतका खाली. का, ते सांगतो. ऐकून आमच्या गावाबद्दल तुमचं मत काही फार चांगलं होणार नाही, पण जे आहे ते आहे.

समोर पूल दिसतो ना, तो अलीकडचा. तेव्हा पलीकडे मिठागरं होती आणि तिथे आगरी माणसं राबत. ओहोटीला खाडीचं पाणी ओसरलं की पहाटे ती चिखलातून पायी इकडे येत. वाट एकच, अरुंद. डावीकडे सरकलात तर खोल चर. मार्च महिन्यात धुकं असं दाटायचं की स्वतःचा हात दिसू नये. मग डोळ्यांचं काम कानांनी करायचं. देवळाची पहाटेची घंटा सुरू झाली की तिच्या रोखाने चालत यायचं.

घंटा द्यायचं काम बस्त्याव नावाच्या माणसाकडे होतं. मोठा देवभोळा. गुडघ्यांना प्रार्थनेचे घट्टे पडलेले, उपास एक चुकवायचा नाही. गाव त्याला संतच म्हणायचा, आणि त्यालाही ते आवडायचं म्हणे. पलीकडून रोज सगळ्यांत आधी निघायची ती नागूबाय, डोक्यावर मिठाची पाटी घेऊन. घंटा ऐकली की ती धुक्यातून 'कूऽऽ' करून हाक द्यायची. ती हाक येईपर्यंत बस्त्याव दोर सोडत नसे. असा त्या दोघांचा रिवाज पडून गेला होता. एकमेकांशी ती कधी फारशी बोललीही नसतील.

आता आमच्यात असं आहे की गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत घंटा वाजवत नाहीत. प्रभूच्या मरणाचं सुतक. घंटेच्या जागी लाकडी टाळी वाजवतात, कट् कट्. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. खाडीपलीकडे मात्र ते सांगायचं कुणालाच सुचलं नाही.

आधीच्या वर्षी त्या दिवशी वाट स्वच्छ दिसायची, घंटेवाचून कुणाचं अडलं नव्हतं; त्या शुक्रवारी पहाटे मात्र धुकं होतं. त्या दिवशी देवळाच्या अंगणात गोरगरिबांसाठी पेज शिजायची. नागूबाय आमच्या धर्माची नव्हे, तरी त्या पेजेला लागणारं मीठ ती आपल्या पाटीतून फुकट द्यायची. तेच घेऊन ती निघाली होती, असं सांगतात. अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं की घंटा नाही. ती थांबली असेल, अंदाजाने वळली असेल. काठावरच्या लोकांना तिची हाक ऐकू आली, "घंटा द्या गो! घंटा द्या!"

होड्या चिखलात रुतलेल्या. दोघं-तिघं कमरेला दोर बांधून आत शिरले आणि दहा पावलांत दिशा हरवून परत फिरले. हा शुक्रवार येतो तो पुनवेच्या आसपास, म्हणजे उधाणाचे दिवस. भरती लागली की पाणी चढायला वेळ लावत नाही. बस्त्यावची बायको कातरीन त्याचा दंड धरून म्हणाली, "जा, घंटा द्या. देव रागावला तर मी बघते त्याच्याकडे!"

बुरुजाची किल्ली बस्त्यावच्या कमरेला होती. तो म्हणाला, "आजच्या दिवशी माझ्या हातून घंटा कधी वाजली नाही. आज वाजवू?"

माणूस दुष्ट नव्हता हो. तो धावला. लाकडी टाळी घेऊन काठावर गेला आणि हात सोलून निघेपर्यंत ती वाजवत राहिला. पण धुक्यात लाकडाचा आवाज कुठून येतो ते कळत नाही. नागूबायची हाक चराच्या बाजूला सरकत गेली. मग पाण्याचाच आवाज उरला.

बुरुजाचं दार फोडायचं कुणाच्या मनात आलंच नाही, की आलं आणि धीर झाला नाही, यावर गावात अजून दोन मतं आहेत. मला विचाराल तर दुसरं खरं, आणि त्याची मला लाज वाटते.

संध्याकाळी बस्त्यावने फादरांपुढे गुडघे टेकले. फादर म्हणाले, "क्षमा मी देतो. प्रायश्चित्त पोशा सांगेल." पोशा म्हणजे नागूबायचा नवरा. तो काठावर बसून होता, पाण्याबरोबर वाहत आलेली तिची रिकामी पाटी मांडीवर घेऊन. बस्त्याव त्याच्या पायाशी बसला.

पोशा म्हणाला, "आमी तुमच्या घंटंवर चालत व्हतो. आमाला काय ठावं, तुमचा देव आज मेलाय!" मग पाटी बाजूला ठेवून म्हणाला, "उद्या पहाटं घंटा दे. बाकीच्यांना यायचंय."

उद्या म्हणजे शनिवार. सुतक संपलं नव्हतं. बस्त्यावने पहाटे घंटा दिली, एक दिवस उशिरा. फादरांनी आपली खिडकी लावून घेतली म्हणे.

पुढे बस्त्यावने बुरुजाचं कुलूप खाडीत टाकलं आणि दोर बाहेर काढला. कातरीन घंटा द्यायची आणि तो रोज पहाटे चिखलात उतरून माणसांना हाताला धरून आणायचा. म्हातारपणी गुडघ्यांचे घट्टे गेले, पण चिखलाने पाय कायमचे फुटले. लोक पुन्हा संत म्हणू लागले तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. "संत होतो तेव्हाच ती बुडाली," म्हणायचा. "आता मला नुसतं बस्त्याव म्हणा." त्याची कबर म्हणूनच देवळाच्या आवारात नाही, तिकडे काठाला आहे.

मिठागरं गेली. चिखलातून आता कुणी येत नाही. पण आजही गुड फ्रायडेच्या पहाटे सगळीकडच्या घंटा गप्प असतात आणि आमची वाजते. बिशपसाहेब कानाडोळा करतात. पहिला दोर ओढतो तो पोशाच्या घरचा माणूस, पुलावरून चालत येऊन. हाक येईपर्यंत दोर सोडायचा नाही, हा जुना रिवाज. हाक येत नाही. एकाचे हात भरून आले की दुसरा दोर धरतो, आणि बाकी गाव खाडीकडे तोंड करून ऐकत उभा राहतो. भरतीचं पाणी काठाला लागलं की घंटा थांबते.

मग अंगणात सगळ्यांना पेज वाढतात. तिच्यात मीठ घालत नाहीत.