उंबऱ्यावरचा सेवेकरी

सर्वांच्या आधी जो जागा असतो आणि सर्वांना जो जागे करतो, त्या नारायणाच्या चरणी प्रथम मस्तक ठेवतो. श्रोतेहो, आता कथा ऐका.

एकदा एक वृद्ध कीर्तनकार नदीकाठच्या मठात राहत होते. आयुष्यभर त्यांनी हरिकथा सांगितली. पुढे कंठाला व्याधी जडली, शस्त्रक्रिया झाली. प्राण वाचले, आवाज गेला. उरली ती केवळ कुजबूज, कान ओठांशी नेल्यावरच ऐकू येणारी. मात्र त्यांची कीर्तने मठातील संगणकात ध्वनिमुद्रित होती. पहाटे दार उघडले की तोच आवाज भूपाळी गाई आणि गाव म्हणे, बुवा उठले.

तो संगणक एका शिष्याच्या स्वाधीन होता. यंत्र अडखळू लागले, तेव्हा त्याने डिस्कवरची जुनी प्रणाली समूळ काढून टाकली आणि डिस्कच्या एका कप्प्यात लिनक्स ही नवी प्रणाली बसवली. कीर्तनांचा कप्पा निराळा होता. त्याला हात लावला नाही. अखेरीस यंत्राने विचारले, बूटलोडर कोठे ठेवू? डिस्कच्या आरंभी, की कप्प्याच्या आत? बूटलोडर म्हणजे यंत्र सुरू होताच साऱ्या प्रणालीला जागे करणारा लहानसा सेवक. शिष्य थबकला. मठात पोथी उतरवताना पानाचा माथा श्रीकारासाठी सोडायची रीत होती. आरंभीची जागा देवाची, तेथे आपण काय लिहावे, असे मनाशी म्हणत त्याने ती कोरी ठेवली आणि सेवकाला कप्प्यात बसवले.

यंत्र पुन्हा सुरू केले. काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: सुरू करण्याजोगे काही सापडले नाही. कितीदा केले तरी तेच.

तालुक्याहून संगणकांचा एक व्यापारी आला. "संपलं. डिस्क मेली," तो म्हणाला. "नवी बसवून देतो. कीर्तनं काय, बुवा पुन्हा करतील की!" मग बुवांच्या गळ्यावरचा व्रण दिसला, तसा तो वरमला आणि चहाही न घेता निघून गेला.

शिष्याने अन्न टाकले. माणसे पहाटे येत, मुक्या यंत्राकडे पाहून परत जात. एक म्हातारी तर म्हणाली, "एकदा आजारानं नेला बुवांचा आवाज. उरलासुरला तू घालवलास."

अखेर त्याने डिस्क काढली, लाल वस्त्रात गुंडाळली आणि बुवांपुढे ठेवली. "भंगलेली मूर्ती पाण्यात सोडतात, बुवा. हीही सोडून येतो, आणि मठातून जातो. आपल्याला तोंड दाखवायची माझी लायकी नाही."

बुवांनी त्याला जवळ ओढले. "उद्याची पहाट होऊ दे," ते कुजबुजले.

मठाचा सेवेकरी रंभाजी उंबऱ्याच्या आत झोपे. पहाटे पहिली थाप पडली की तो अडसर काढी, घंटा वाजवी. मग समया लागत आणि मठ जागा होई. त्या पहाटे बुवांनी त्याला हाताला धरून मागल्या कोठीघरात नेऊन बसवले.

"बुवा, इथं मी काय करू? उंदरांची आरती?"

बुवांनी ओठांवर बोट ठेवले आणि परत येऊन ते शिष्याजवळ बसले. दारावर थाप पडली. पुन्हा पडली. शिष्य उठू लागला, तर बुवांनी त्याचे मनगट घट्ट धरले. बाहेर ती म्हातारी म्हणाली, "चला गं. मठ ओस पडला आता." पावले दूर गेली.

"हे काय केलंत, बुवा? आत देव आहे, आपण आहात, रंभाजीकाका जागे आहेत, आणि माणसं मठ ओस म्हणून परत गेली!"

बुवा शब्दाशब्दाला थांबत बोलले. "सगळे आहेत. पण येणारा थाप मारतो उंबऱ्याशी. कोठीघर त्याला ठाऊक नसतं. तुझं यंत्र उठलं की आधी कुठं पाहतं?"

"डिस्कच्या आरंभी."

"तिथं कोण आहे?"

"कोणीच नाही. मी ती जागा श्रीसाठी..."

"श्री लिहायची असते रे, नुसती जागा सोडायची नसते. उंबऱ्यावर सेवेकरी बसला म्हणून देवाचा अपमान होत नाही." ते थांबले, श्वास जमवला. "माझंही तेच झालंय. आतला एकही अभंग पुसलेला नाही. दार तेवढं गेलं. गाव मला रिता समजतं. तूही समजलास. माझ्या दाराला उपाय नाही. यंत्राच्या दाराला आहे. जा."

शिष्याने वस्त्र सोडले, डिस्क जागी बसवली, पेनड्राइव्हवरून यंत्र तात्पुरते चालवले आणि बूटलोडर डिस्कच्या आरंभी ठेवला. यंत्र पुन्हा सुरू केले. पडदा बराच वेळ काळाच राहिला. मग प्रणाली उठली, आणि तो भरदार आवाज मठभर घुमला. रंभाजी कोठीघरातून धावत आला आणि दार सताड उघडून घंटा वाजवू लागला.

बुवांचे ओठ त्या भूपाळीबरोबर हलत होते. त्यांतून काहीच उमटत नव्हते. शिष्याने ते पाहिले आणि त्याला रडू आवरेना. यंत्र उठले होते. बुवांचा गळा उठणार नव्हता. त्या दिवसापासून तो रोज त्यांच्या ओठांशी कान नेऊन बसे, आणि तेथे जे ऐकू येई ते उंबऱ्यावर उभा राहून मोठ्याने सांगे.

ज्याचे दार उघडत नाही त्याचे घर रिते आहे, असे कोणी ठरवू नये. श्रोतेहो, तुम्हा प्रत्येकाच्या उंबऱ्यावर कोणी जागे असो, घरातल्या प्रत्येक मुक्या जिवाला ऐकणारा कान लाभो, आणि नारायण तुम्हा सर्वांचे कल्याण करो.