पहिल्या श्लोकातला हत्ती

"पौर्णिमेला कविराज सोमकंठांच्या बागेत आंब्याचा मोहोर, कदंबाची फुलं आणि पारिजातकाचा सडा एकाच वेळी दिसला पाहिजे. नाहीतर झाडं तोडून तिथे घोड्यांची पागा बांधू आणि माळणीला हाकलून देऊ!" असे राजा अमरसेनाने फर्मावले. महिना होता वैशाख. मोगरा सोडला तर बागेतले एकही झाड फुलायला तयार नव्हते.

राजाचीही अडचण होती म्हणा. नव्या व्याह्यांपुढे पंगतीत त्याने फुशारकी मारली होती. "आमच्या सोमकंठांचं बागेवरचं काव्य ऐकलंत ना? अक्षर न् अक्षर खरं आहे. ती बाग मीच त्यांना इनाम दिली." व्याही पडले शेजारचे राजे. ते म्हणाले, "मग दाखवाच."

सोमकंठ वारले तरी त्यांचे काव्य साऱ्या दरबाराला तोंडपाठ होते. बाग मात्र एकानेही पाहिली नव्हती. उन्हातून टेकडी कोण चढणार? काव्यात कसा बसल्याजागी गार वारा सुटायचा.

फर्मान घेऊन कारभारी आला तेव्हा माळीण कोंडाई झाडांभोवती आळी खणत होती. ती म्हणाली, "दादा, आंबा मोहरतो माघात, कदंब फुलतो आषाढात. ती कुनाच्या बाचं ऐकत न्हाईत."

"काव्यात सगळं एकदम फुलतं. तू कविराजांना खोटं पाडतेस? चाबकाचे फटके बसतील."

ही झाडे तिच्या सासऱ्याने लावली होती आणि तिने घागरी वाहून जगवली होती. कारभारी वळणार, एवढ्यात तिला काहीतरी आठवले. कविराज बागेत फिरताना ते काव्य अर्थासकट मोठमोठ्याने म्हणत, त्यामुळे ते तिच्याही कानावरून गेले होते.

"काव्यात हाय तस्सं दावीन," ती म्हणाली. "फकस्त शास्त्रीबुवांस्नी संगं आना. पैल्या श्लोकापासनं म्हनू देत. आन म्हाराजांस्नी हत्तीवरनं येऊ द्या."

पौर्णिमेला राजा आला. चार जणांनी धरून त्याला हत्तीवरून उतरवले. इकडे तिकडे पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मोहोर कुठाय?"

"धाव्या श्लोकात, म्हाराज," कोंडाई म्हणाली. "आदी पैला हूं द्या."

काव्य म्हटले की आरंभी राजाची स्तुती आलीच; तिचा अर्थ लावत कोण बसतो? शास्त्रीबुवांनी घसा साफ केला आणि श्लोक म्हणून अर्थ सांगितला. "ज्याची कंबर सिंहासारखी बारीक, ज्याचे केस भुंग्यासारखे काळे, जो डाव्या हाताने हत्ती उचलून फुलासारखा झेलतो, तो राजा अमरसेन या बागेत हत्ती झेलतो आणि त्यासरशी सारे ऋतू एकदम फुलतात."

व्याह्यांची नजर राजाच्या पोटावर गेली आणि तिथेच थांबली.

"बाग तयार हाय," कोंडाई म्हणाली. "हत्तीबी आयता हाय. तुमी उचला, की मोहोर आलाच समजा."

सरदार आपापल्या जोड्यांकडे पाहू लागले. हत्तीने कान हलवले. राजा चाचरत म्हणाला, "अगं, हे कवीचं बोलणं. असं कुठं असतं का?"

"मला काय ठावं? मी लटकं म्हनले तर फटके बसतील. कोनचा श्लोक खरा आन कोनचा लटका, त्ये तुमीच सांगा."

आता काय सांगणार? मोहोर खरा म्हणावा तर हत्ती उचलावा लागतो, हत्ती खोटा म्हणावा तर मोहोर जातो. व्याही उपरणे तोंडात कोंबून हसत होते.

"पण एवढी बाग दिली मी त्यांना," राजा कळवळला, "आणि त्यांनी हे असलं का लिहावं?"

"बाग कुठली, म्हाराज? तुमी दिला टेकडीवरचा खडकाळ माळ. कुसळ उगवत नव्हतं. आन दरबारात सांगितलंत, बाग दिली म्हून. कविराजच सांगायचे, ते घरी येऊन पोट धरून हसले आन त्याच दिशी काव्य लिवलं. फुडं परगावचे लोक बाग बघाया येऊ लागले, तवा लाजंकाजं त्यांनी माज्या सासऱ्याला बलावलं. आमी खालनं पाटीपाटी माती आनली."

"म्हणजे काव्य आधी आणि बाग नंतर?"

"व्हय. तुमी माळाला बाग म्हनालात, त्यांनी तुमाला हत्ती उचलाया लावला. फिटंफाट!"

राजा क्षणभर लालबुंद झाला. मग त्याला हसू फुटले ते आवरेना. हसता हसता पगडी खाली पडली आणि काळ्या केसांचाही निकाल लागला. तेव्हा तर व्याहीही गवतावर बसून मोठ्याने हसले.

राजाने हातातले सोन्याचे कडे कोंडाईला दिले. बाग तिच्या नावे केली आणि झाडांनी आपापल्या सवडीने फुलावे अशी आज्ञा दिली. शास्त्रीबुवांना मात्र ताकीद मिळाली, की यापुढे ते काव्य दुसऱ्या श्लोकापासून म्हणायचे.