गुंडीची गोळी आणि गजराकाकूंचा ट्रॅक्टर

मांडीवर नीट बसा. बोट तोंडातून काढा. कान इकडे द्या. ही गोष्ट आहे गुंडीची.

गुंडी म्हणजे शेणकिडी. काळी कुळकुळीत. शर्टाच्या गुंडीएवढी. म्हणून नाव गुंडी. अंगानं एवढीशी, पण तोरा केवढा! शेतातून चालायची, तर जणू सगळं शेत तिच्याच बापाचं.

गुंडीनं केली शेणाची गोळी. गोल गोल. छान छान. नाक मुरडू नका हं. गोळीच्या पोटात होतं अंडं. अंड्याच्या पोटात होतं गुंडीचं बाळ.

गुंडीनं डोकं खाली केलं. मागचे पाय गोळीला लावले. आणि गोळी ढकलली. गुडुक गुडुक. गुडुक गुडुक. चालायची उलटी, पण पोचायची घरी. शेणकिड्यांची चालच तशी.

तेवढ्यात आला ट्रॅक्टर. तोही आला उलटा!

ट्रॅक्टरवर होत्या गजराकाकू. कालपासून शिकत होत्या. लेक मंदा शिकवत होती. पण मंदा गेली विहिरीवर पाणी आणायला. काकूंना वाटलं, तेवढ्यात आपण एक फेरी मारू.

काकूंना जायचं होतं पुढे. गिअर पडला मागचा. क्लच सोडला झटक्यात. ट्रॅक्टरनं मारली उडी. धडाड्! कोंबड्या उडाल्या. फडफड फडफड. मागे होता पाण्याचा रांजण. आता फुटतो की मग फुटतो! काकूंनी ब्रेक दाबला. लाल खुंटी ओढली. लाल खुंटी बाहेर ओढली की इंजिन बंद. फुस्स्. रांजण वाचला. वीतभर लांब राहिला.

पण गुंडीची गोळी? ती गेली मोठ्या चाकाखाली. चाकाला असतात खाचा. एका खाचेत गोळी बसली. वरून चाक, खालून जमीन. गोळी फुटली नाही. पण निघेनाही.

काकूंनी किल्ली फिरवली. खुर्र खुर्र. पुन्हा फिरवली. खुर्र खुर्र. ट्रॅक्टर काही बोलेना. काकू खाली उतरल्या. कडुलिंबाखाली जाऊन बसल्या. कपाळाला हात लावला.

गुंडी नाही बसली. गुंडीचं बाळ होतं ना आत! ती थेट चाकाकडे गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"चाका चाका, फिर ना.
गोळी निघेना.
गोळीत माझं बाळ."

चाक होतं मोठ्ठं. गुंडी दिसायलाच त्याला वेळ लागला. चाक म्हणालं, "मी नाही फिरत. आधी गिअर फिरू दे, मग मी."

गुंडी म्हणाली, बरं, तसं तर तसं. गेली गिअरकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"गिअरदादा, गिअरदादा, फिर ना.
चाक फिरेना,
गोळी निघेना.
गोळीत माझं बाळ."

गिअरदादा बसला होता तेलात. मजेत. तो म्हणाला, "मी नाही फिरत. आधी इंजिन घुमू दे, मग मी."

गुंडी म्हणाली, बरं, तसं तर तसं. गेली इंजिनाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"इंजिनकाका, इंजिनकाका, घुमा ना.
गिअर फिरेना,
चाक फिरेना,
गोळी निघेना.
गोळीत माझं बाळ."

इंजिनकाका होते गरम. गुंडीचे पाय भाजले. हाय हाय! पण गुंडी हलली नाही. इंजिनकाका म्हणाले, "मी नाही घुमत. आधी डिझेल येऊ दे, मग मी."

गुंडी म्हणाली, बरं, तसं तर तसं. गेली डिझेलकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"डिझेलमावशी, डिझेलमावशी, ये ना.
इंजिन घुमेना,
गिअर फिरेना,
चाक फिरेना,
गोळी निघेना.
गोळीत माझं बाळ."

डिझेलमावशी टाकीत लोळत होती. डुबुक डुबुक. ती म्हणाली, "मी नाही येत. माझी वाट बंद आहे. आधी लाल खुंटी आत जाऊ दे, मग मी."

गुंडी म्हणाली, बरं, तसं तर तसं. आता चढण होती उंच. पाय थकले. मग गुंडीनं पंख उघडले. पंख होते बरं का तिला! उडाली भुर्र आणि बसली खुंटीवर.

"खुंटीताई, खुंटीताई, आत जा ना.
डिझेल येईना,
इंजिन घुमेना,
गिअर फिरेना,
चाक फिरेना,
गोळी निघेना.
गोळीत माझं बाळ."

खुंटीताई बाहेर आली होती जीभ काढल्यासारखी. ती म्हणाली, "मी नाही जात. मला ओढलं, ते ओढलंच. परत कुणी ढकललंच नाही. आधी हात ढकलू दे, मग मी."

गुंडी म्हणाली, बरं, तसं तर तसं. उडाली भुर्र. गेली कडुलिंबाखाली. काकूंचा एक हात होता कपाळाला. दुसरा होता गुडघ्यावर. गुंडी बसली गुडघ्यावरच्या हातावर.

"हाता हाता, ढकल ना.
खुंटी जाईना,
डिझेल येईना,
इंजिन घुमेना,
गिअर फिरेना,
चाक फिरेना,
गोळी निघेना.
गोळीत माझं बाळ."

हात होता भाकरी थापणारा. बांगड्यांचा. पण आज गुडघा घट्ट धरून बसला होता. हात म्हणाला, "मी नाही ढकलत. आधी काकू उठू देत, मग मी."

गुंडी म्हणाली, बरं, तसं तर तसं. हातावरून चढली खांद्यावर. खांद्यावरून गेली कानाजवळ. तुरु तुरु, तुरु तुरु. काकूंना झाल्या गुदगुल्या.

"गजराकाकू, गजराकाकू, उठा ना.
हात ढकलेना,
खुंटी जाईना,
डिझेल येईना,
इंजिन घुमेना,
गिअर फिरेना,
चाक फिरेना,
गोळी निघेना.
गोळीत माझं बाळ."

काकूंनी गुंडीला बोटावर घेतलं. सगळं ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाळाचं ऐकून त्यांचा जीव कळवळला. खुंटीचं ऐकून त्यांनी जीभ चावली. खुंटी ओढली खरी, आत ढकलायची राहिलीच की!

पण काकू उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी न्हाई उठत, बाई. आधी भीती जाऊ दे, मग मी."

गुंडीनं इकडे बघितलं. तिकडे बघितलं. भीती नावाचं कुणी दिसेना. तिनं विचारलं, ही भीती राहते कुठे? मी आत्ता जाऊन सांगते तिला.

काकू म्हणाल्या, "पोटात राहती गं. जायचं हुतं म्होरं अन् गेले मागं. रांजण फुटता फुटता ऱ्हायला. आता परत बसले अन् परत मागं गेले, तर?"

गुंडी हसली. अशी हसली, अशी हसली की बोटावरून पडता पडता राहिली.

"मागं गेलात? एवढंच? अहो काकू, मी तर रोज मागंच जाते!"

काकूंना काही ते खरं वाटेना. मग गुंडी उतरली खाली. तिथं पडली होती एक लिंबोळी. पिवळी पिवळी, गोल गोल. गुंडीनं डोकं खाली केलं. मागचे पाय लिंबोळीला लावले. आणि निघाली उलटी. गुडुक गुडुक. गुडुक गुडुक.

लिंबोळी धडकली काकूंच्या चपलेला. टप्प!

गुंडी रडली नाही. कपाळाला हातही लावला नाही. ती थांबली. लिंबोळीवर चढली. मागे बघितलं. वाट ठरवली. पुन्हा निघाली. चपलेच्या बाजूनं गेली झोकात. गुडुक गुडुक. गुडुक गुडुक.

काकू बघतच राहिल्या. मग त्यांना आलं हसू. आधी गालात. मग ओठांत. मग पोटात. पोटात हसू आलं, तशी भीतीला जागाच उरेना. भीती गेली पळून.

काकू म्हणाल्या, "धडकलं तर थांबायचं. मागं बघायचं. अन् पुन्यांदा निघायचं. व्हय ना?"

गुंडी म्हणाली, व्हय व्हय, असंच. पण उठा आता!

आणि मग काय?

भीती गेली, काकू उठल्या. पदर खोचला. आधी ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली. वाकून चाकाखाली बघितलं. मागे बघितलं. कोंबड्यांना हुसकलं. हुश् हुश्. मग चढल्या वर. गुंडीला बसवलं खांद्यावर.

काकू बसल्या, हातानं ढकललं.
हातानं ढकललं, खुंटी गेली आत. खट्!
खुंटी गेली आत, डिझेल आलं. झुळझुळ झुळझुळ.
डिझेल आलं, काकूंनी किल्ली फिरवली. खुर्र खुर्र, भुर्र भुर्र, इंजिन घुमलं. धडधड धडधड!

आता गिअर. हाच तो गिअर, ज्यानं मघाशी फजिती केली. काकूंनी तो नीट बघितला. पुढचा तो पुढचा, मागचा तो मागचा. टाकला पुढचा. क्लच सोडला हळू हळू. अगदी भाकरी तव्यावर टाकतात, तसा अलगद. ट्रॅक्टरनं उडी मारली नाही.

इंजिन घुमलं, गिअर फिरला. गरगर गरगर.
गिअर फिरला, चाक फिरलं. घुर्र घुर्र.
चाक फिरलं, खाच आली वर.
खाच आली वर, गोळी आली बाहेर. टुपुक्!

काकूंनी ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबला. गुंडी खांद्यावरून उडाली भुर्र. गोळीजवळ गेली. गोळीला कान लावला. आत कुणीतरी हळूच हललं. वळवळ वळवळ. बाळ होतं! आणि बरं होतं! गुंडीनं गोळीला मिठी मारली. तिचे सहाच्या सहा पाय पुरले नाहीत.

इतक्यात मंदा आली. डोक्यावर कळशी. बघते तर आई ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टर चालू. आणि आई चक्क हसतेय.

मंदा म्हणाली, "आई, कुणी शिकवलं गं इतकं झ्याक?"

काकू म्हणाल्या, "थोडं तू. थोडं त्या गुंडीनं."

मंदानं स्वतःच्या शर्टाच्या गुंडीकडे बघितलं. तिला काही कळलं नाही. आपल्याला कळलं की नाही?

गुंडीनं गोळी ढकलली. गुडुक गुडुक. मऊ मातीत खड्डा केला. गोळी पुरली. वर माती लोटली. बाळाला म्हणाली, झोप आता निवांत.

बाळ झोपलं, वाढलं. एके दिवशी मातीतून वर आलं. काळं कुळकुळीत. आईपेक्षाही इवलंसं. पण तोरा? तोरा आईएवढाच.

त्या दिवशी काकू शेत नांगरायला निघाल्या होत्या. आता त्या पुढेही जायच्या आणि मागेही जायच्या. पण निघायच्या आधी रोज एक चक्कर मारायच्या. वाकून चाकाखाली बघायच्या. तशी त्यांनी चक्कर मारली. तशा त्या वाकल्या. तर चाकासमोर कोण?

डोकं खाली. पाय वर. पाठमोरं चाललेलं एक इवलंसं पोर. शेणाची इवलीशी गोळी ढकलत. गुडुक गुडुक. गुडुक गुडुक. एवढा मोठा ट्रॅक्टर समोर, पण त्याची मान काही वळेना.

काकूंनी किल्लीला हातच लावला नाही. तिथंच मातीत बसल्या. हाताची घडी घातली. आणि त्या पोराला म्हणाल्या,

"आधी तू, मग मी."